राजाराम बंधाऱ्याचे फूट आणि बार्जचे सेंटीमीटर

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी चहाआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. 39 फुटांवर इशारा, 43 वर धोका. 2019 ला पाणी 55 च्याही वर गेलं आणि महामार्ग बंद पडला. जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठी काऊब नावाचं गाव आहे. तिथल्या मोजपट्टीवरही असाच डोळा असतो, पण भीती उलटी: पाणी उतरण्याची. ऑक्टोबर 2018 मध्ये तो आकडा 25 सेंटीमीटरवर आला. (ही काही पात्राची खोली नव्हे, जहाजांच्या वाटेत पाणी त्याहून मीटरभर जास्त असतं.) जहाजं निम्म्याहून कमी माल घेऊन निघू लागली, भाडी भडकली आणि लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफ या रसायन कारखान्याला उत्पादन कमी करावं लागलं.

एवढ्याशा पाण्यानं एवढं का अडतं? गुऱ्हाळातली काहील आठवा. पूर्वी महापुरात आपल्याकडे तिच्यात बसवून माणसं पैलतीरी नेत. अडीच मीटर व्यासाची काहील एक सेंटीमीटर बुडाली की साधारण 49 किलो पाणी बाजूला सारते. म्हणजे एक सडपातळ माणूस चढला की ती सेंटीमीटरभर खाली जाणार. आर्किमिडीजचा नियम, दुसरं काही नाही.

आता काहिलीऐवजी 70 मीटर लांब, 12 मीटर रुंद, सपाट बुडाचा बार्ज, म्हणजे मालवाहू नाव, घ्या. त्याचा एक सेंटीमीटर म्हणजे 8.4 टन, साखरेची 50 किलोची 168 पोती. वाटेत कुठं तरी एकाच उथळ जागी अर्धा मीटर गाळ साचला, तर 420 टन माल धक्क्यावरच ठेवून निघावं लागतं. बाकी सगळी नदी कितीही खोल असो, हिशेब त्या एका जागेचा. खलाशांचा पगार तेवढाच, बार्जचं भाडंही तेवढंच, आणि ते वाटायला पोती मात्र कमी.

जलवाहतुकीच्या बाजूनं एक हिशेब नेहमी मांडतात: लिटरभर इंधनात एक टन माल रस्त्यानं 24 किलोमीटर जातो, रेल्वेनं 85 आणि पाण्यानं 105. खोटं नाही ते, पण हा 105 भरलेल्या बार्जचा आहे. शिवाय उथळ पाण्यात वेग वाढवला की बुडाखालचं पाणी जोरात सरकतं, तिथला दाब घटतो आणि बार्ज आणखी खाली बसतो. घाई करूनही भागत नाही.

म्हणून खरा खर्च देखभालीचा. हल्दिया ते प्रयागराज हा गंगेवरचा 1620 किलोमीटरचा मार्ग 1986 मध्ये राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 1 झाला; 2016 च्या कायद्यानं अशा मार्गांची संख्या 111 वर गेली. घोषणा एकदा करून भागते, गाळ दर पावसाळ्यात नव्यानं येतो. ड्रेजरनं उपसलेली वाट पुढच्या पुरात पुन्हा भरू शकते. मला त्यातला जुना उपाय जास्त आवडतो: बांबू रोवून, त्यांना तट्टे बांधून प्रवाहात तिरकी भिंत उभी करायची. पाणी मुख्य वाटेकडे ढकललं जातं, तिथं वेग वाढतो आणि नदी स्वतःच आपला तळ खरवडते. याला बंडाल म्हणतात. पूर आला की तो वाहून जातो, मग परत बांधायचा.

पंचगंगेत बार्ज आणायचा कुणी विचार करत असेल तर माझं मत सरळ आहे: नको. आपली नदी बंधाऱ्यांची. पावसाळा संपला की बरगे म्हणजे फळ्या घालून पाणी अडवायचं आणि उसाला द्यायचं, यासाठीच तर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ओळखला जातो. बार्ज प्रत्येक बंधाऱ्यापाशी अडेल. त्यात नदी जाते पूर्वेला कृष्णेकडे, आणि आपली बंदरं घाटाखाली पश्चिमेला.

तळ चाचपण्याची विद्या मात्र आपल्याकडेही आहे. उन्हाळ्यात नरसोबाच्या वाडीला नावेत बसलो होतो. नावाडी मध्येच थांबला, बांबू खाली खुपसला, वर काढून ओला भाग हातानं मापला. “हितं गाळ आलाय, तिकडनं घालतो,” म्हणाला आणि नाव वळवली. गंगेवरची सर्वेक्षणाची बोट हेच काम आवाजाच्या लहरी तळाशी सोडून करते.