ॲमस्टरडॅममध्ये परवानगी कशाला आणि काणाडोळा कशाकडे

ट्युलिपच्या मोसमात क्युकेनहॉफची बाग बघायला महाराष्ट्रातून ग्रुप टूर निघतात. त्यात एखादी संध्याकाळ ॲमस्टरडॅमसाठी मोकळी असते, आणि जेवण उरकलं की निम्मा ग्रुप 'तो भाग' बघायला बाहेर पडतो. त्या भागाचं नाव डे वॉलेन, ॲमस्टरडॅमचा 'रेड लाइट' भाग. सेंट्रल स्टेशनपासून तो पायी दहा मिनिटांवरही नाही. तिथे जाण्यात वावगं काहीच नाही. शहराचा तो सर्वांत जुना भाग आहे, बायकाही तिथून बिनधास्त फिरतात. मला काळजी वाटते ती जवळपास प्रत्येकाच्या तोंडी असलेल्या एका वाक्याची: 'तिथे काय, सगळंच लीगल आहे.'

सगळं लीगल नाही. डे वॉलेनच्या एकाच गल्लीत दोन गोष्टी शेजारीशेजारी दिसतात. लाल दिव्याखाली काचेमागे उभी असलेली बाई, आणि कॉफीशॉपमध्ये विकला जाणारा गांजा. पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच उघड वाटतात. पण पहिल्या गोष्टीला कायद्याची रीतसर परवानगी आहे. दुसरी आजही गुन्ह्यांच्या यादीत आहे. ठरलेल्या अटी पाळल्या तर सरकार तिच्याकडे काणाडोळा करतं, एवढंच. तिथे कसं वागावं, खिशात काय ठेवावं आणि काय ठेवू नये, हे सगळं या फरकावर ठरतं.

आधी काचेमागच्या बाईबद्दल. नेदरलँड्समध्ये कुंटणखाना चालवायला १९११ पासून बंदी होती. ती १ ऑक्टोबर २००० रोजी उठली. आता खोल्या भाड्याने देणाऱ्याला महापालिकेचा परवाना लागतो. काम करणारी बाई ॲमस्टरडॅममध्ये किमान २१ वर्षांची असावी लागते. ती शिफ्टच्या हिशेबाने खोली भाड्याने घेते, स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंदणी करते आणि कर भरते. खोली अगदी लहान असते. एक पलंग, हात धुवायचं बेसिन, उंच स्टूल, दाराला काच आणि संकटात दाबायची घंटा. पडदा ओढलेला असला की ती कामात आहे असं समजायचं. लाल दिव्याऐवजी निळा किंवा जांभळा दिवा असेल, तर तिथे सहसा ट्रान्सजेंडर स्त्री काम करत असते.

म्हणजे ती तिच्या कामाच्या जागी उभी असते. मग तिथे वागायची रीत वेगळी शिकवावी लागत नाही. फोटो काढायचा नाही, व्हिडिओ तर नाहीच. मोबाइल काचेच्या दिशेने नुसता उचलला तरी दार उघडून ती ओरडते, आणि तिचं बरोबर आहे. यातल्या कितीतरी जणींच्या घरी हे काम माहीत नसतं. तुमच्या फोनमधला एक फोटो तिच्या गावापर्यंत पोहोचू शकतो. काचेसमोर घोळका करून, खिदळत उभं राहणं ही आपल्या ग्रुपची नेहमीची चूक. अशा गर्दीपायी तिची गिऱ्हाइकं निघून जातात. याच कारणाने २०२० पासून गाइडला घेऊन खिडक्यांसमोरून टूर नेण्यावर बंदी आहे. तेव्हा कोणी 'रेड लाइट गायडेड वॉक' विकत असेल, तर तो नेमका कुठून नेणार, ते आधी विचारा.

आणि कोणाला खरोखरच गिऱ्हाईक म्हणून दार ठोठवायचं असेल, तर तेही मी सरळ सांगते. पैसे किती, वेळ किती, त्यात काय येतं, हे दारातच ठरतं आणि पैसे आधी द्यावे लागतात. नकार द्यायचा आणि मध्येच थांबायचा हक्क तिला आहे. त्यावर हुज्जत घातली तर ती घंटा दाबेल. दारू पिऊन गेलात तर बहुतेकदा दारच उघडत नाही. रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक शोधायला ॲमस्टरडॅममध्ये मनाई आहे. तेव्हा गल्लीत कोणी पुरुष जवळ येऊन 'मुलगी हवी का' म्हणाला, तर परवान्याच्या चौकटीशी त्याचा काही संबंध नाही. परवाना असला तरी जबरदस्तीचा धोका संपत नाही, हेही खरं. बाई घाबरलेली दिसली, अंगावर मारल्याच्या खुणा दिसल्या, तिच्या वतीने दुसराच कोणी बोलायला लागला, तर तिथून निघा आणि ०८००-७००० या क्रमांकावर नाव न सांगता कळवा. अशी लक्षणं दिसूनही व्यवहार करणाऱ्या गिऱ्हाइकाला डच कायद्यात शिक्षा आहे.

याच भागात आउडे केर्क नावाचं चौदाव्या शतकाच्या आरंभीचं चर्च आहे. त्याच्या भिंतीला जवळजवळ खेटून खिडक्या आहेत. समोरच्या चौकात २००७ साली बसवलेला 'बेल' नावाचा ब्राँझचा पुतळा आहे: दाराच्या चौकटीत कमरेवर हात ठेवून ताठ उभी असलेली बाई. जगभरातल्या देहविक्रय करणाऱ्यांचा मान राखा, असं खाली लिहिलं आहे. खिडक्यांचे फोटो काढण्यापेक्षा याचा काढा, कोणी हरकत घेणार नाही.

आता कॉफीशॉप. कॉफी प्यायची असेल तर 'कॅफे' किंवा 'कोफीहाउस' अशी पाटी शोधा. 'कॉफीशॉप' म्हणजे गांजा आणि चरस विकणारं दुकान. मुलांना घेऊन आत शिरलात तर दारातूनच परत पाठवतील. शहरात अशी दीडशेच्या वर दुकानं आहेत, ती शहरभर पसरलेली आहेत, आणि त्यामुळेच सगळ्यांचा समज होतो की हे उघड आहे म्हणजे कायदेशीर आहे.

डच अफू कायद्यात १९७६ साली सौम्य आणि घातक अमली पदार्थ वेगळे केले गेले. गांजा सौम्य गटात गेला, पण गुन्ह्यांच्या यादीतून बाहेर आला नाही. दुकानदाराने अटी पाळल्या तर सरकारी वकील खटला भरत नाहीत, अशी ही व्यवस्था आहे. जाहिरात करायची नाही, १८ वर्षांखालच्या कोणाला आत घ्यायचं नाही, घातक पदार्थ ठेवायचे नाहीत, आजूबाजूच्यांना त्रास द्यायचा नाही, एका गिऱ्हाइकाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त द्यायचं नाही आणि दुकानात ५०० ग्रॅमपेक्षा जास्त साठा ठेवायचा नाही. दारूही मिळत नाही.

काउंटरशी पाच मिनिटं उभं राहिलं की ही व्यवस्था किती विचित्र आहे ते दिसतं. विक्रेता पासपोर्ट बघतो, मेन्यूकार्ड पुढे करतो, छोट्या तराजूवर तोलून माल पुडीत भरतो. इथपर्यंत सगळं उघड. पण हा माल दुकानात आला कुठून? तो पिकवणं आणि दुकानाला पुरवणं हा सरळ गुन्हा. पुढच्या दाराने विक्री चालते आणि मागच्या दाराने बेकायदा माल येतो. साठ्याची मर्यादा असल्याने तो थोडाथोडा, पुन्हापुन्हा येतो. हा गोंधळ सोडवायला सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये ब्रेडा आणि टिलबर्ग या गावांपासून परवानाधारकांनी पिकवलेला माल विकायचा प्रयोग सुरू केला. तो दहा गावांपुरता आहे आणि ॲमस्टरडॅम त्यात नाही.

पर्यटकाने लक्षात ठेवायचं ते असं: परवानगी काढून घ्यायला कायदा बदलावा लागतो, काणाडोळा थांबवायला लागत नाही. मास्त्रिख्त या दुसऱ्या डच शहरात आजही पर्यटकाला कॉफीशॉपच्या दारातून परत पाठवतात, कारण तिथे फक्त नेदरलँड्सच्या रहिवाशांनाच विकायची अट लावली जाते. ही अट देशभरासाठीच आहे, ॲमस्टरडॅम ती राबवत नाही, इतकंच. २०२१ मध्ये महापौर फेमके हाल्सेमा यांनी तीच अट ॲमस्टरडॅममध्येही लावायचा प्रस्ताव मांडला होता. नगरपरिषदेत त्याला पुरेसा पाठिंबा मिळाला नाही. उद्या मिळू शकतो.

दुकानातून बाहेर पडलात की काणाडोळा आणखी आकसतो. मे २०२३ पासून डे वॉलेनच्या रस्त्यांवर गांजा ओढायला बंदी आहे, दंड १०० युरो. पन्नास पावलांवर कॉफीशॉप असलं तरी दंड तोच. खिशात ५ ग्रॅमपर्यंत सापडलं तर खटला होत नाही, पण पोलीस ते काढून घेऊ शकतात. तंबाखू मिसळून केलेली सिगारेट दुकानाच्या आतही चालत नाही. आणि ज्यांनी कधी गांजाला हात लावलेला नाही, त्यांनी 'स्पेस केक', म्हणजे गांजा घातलेला केक, खाऊ नये असं मला मनापासून वाटतं. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो, खाल्लेला चढायला तास-दीड तास घेतो. 'काहीच झालं नाही' म्हणून दुसरा तुकडा खाल्ला जातो, आणि मग रात्रभर छाती धडधडते, भीती वाटते. असं झालं तर बसवा, गोड पेय द्या, एकटं सोडू नका, आणि शुद्ध हरपत असेल तर ११२ ला फोन करा. रुग्णवाहिका मदतीला येते, काय घेतलं ते खरं सांगा.

परवानगी आणि काणाडोळा, दोन्हींत न बसणाऱ्या गोष्टीही याच गल्ल्यांत मिळतात. पुलाच्या कोपऱ्यावर कोणीतरी हलकेच 'कोक, कोक' म्हणत अंगाजवळून जातो. कोकेन, एक्स्टसी वगैरेंना कसलीच सूट नाही, आणि रस्त्यावर विकलं जातं ते बहुतेक वेळा भलतंच काहीतरी असतं. २०१४ मध्ये इथे कोकेन म्हणून पांढरं हेरॉइन विकलं गेलं आणि पर्यटकांचे जीव गेले. महापालिकेला रस्त्यांवर इशाऱ्याचे फलक लावावे लागले. नशेच्या मशरूमवर डिसेंबर २००८ पासून आणि फुग्यातून ओढायच्या लाफिंग गॅसवर जानेवारी २०२३ पासून बंदी आहे. जुन्या ब्लॉगवर विसंबून राहू नका.

आपल्या टूरवाल्यांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट दुसऱ्या दिवशीच्या बसची. ॲमस्टरडॅमहून बस बहुधा ब्रसेल्स-पॅरिसकडे किंवा कोलोनकडे निघते. काणाडोळा डच हद्दीपुरता आहे. बेल्जियम आणि फ्रान्समध्ये गांजा बेकायदा आहे. जर्मनीने २०२४ मध्ये थोडा गांजा जवळ ठेवायला मुभा दिली, पण बाहेरून देशात आणणं तिथेही गुन्हाच. भारतात तर १९८५ चा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा आहे आणि गांजा घेऊन मुंबईच्या विमानतळावर उतरलात तर सरळ तुरुंगाची वाट आहे. मित्रांना गंमत म्हणून आणलेली पुडीही त्यात धरली जाते. बस सुटायच्या आधी खिसे, पाकीट आणि मुलांच्या जॅकेटचे कप्पे झाडून घ्या. उरलेलं काही असेल तर हॉटेलच्या संडासात टाकून पाणी सोडा आणि मगच बॅगा खाली आणा.