मेंदान्याच्या दोन सफरी: सॉलोमन बेटं कधी सापडली, कधी हुकली?

आल्वारो दे मेंदान्या या स्पॅनिश दर्यावर्दीने पेरूतल्या कायाओ बंदरातून पॅसिफिकमध्ये दोन मोहिमा नेल्या, एक १५६७ मध्ये आणि एक १५९५ मध्ये. दोन्हींच्या वर्णनात सॉलोमन बेटं येतात, त्यामुळे त्यांची सरमिसळ सर्रास होते.

पहिल्या वेळी तो पंचविशीचा होता. पेरूचा गव्हर्नर नातलग, म्हणून मोहिमेचं नेतृत्व पदरात पडलं. कल्पना मात्र सार्मियेंतो दे गांबोआ या दुसऱ्या स्पॅनिश दर्यावर्दीची. इंका राजा तुपाक युपांकीने पश्चिमेची श्रीमंत बेटं पाहिली होती, ही दंतकथा त्याने खरी मानली होती. दोन जहाजं, दीडशेच्या आसपास माणसं. ७ फेब्रुवारी १५६८ रोजी सॉलोमनपैकी सांता इसाबेल हे बेट दिसलं. प्रवाळखडकांत मोठी जहाजं घालणं धोक्याचं, म्हणून तिथेच लाकूड तोडून एक लहान गलबत बांधलं. त्यातूनच पुढे ग्वादालकनाल सापडलं. सोनं काही मिळालं नाही, तरी परतल्यावर लोकांच्या तोंडी बायबलमधल्या राजा सॉलोमनच्या खजिन्याचं नाव त्या बेटांना चिकटलं.

दुसरी मोहीम शोधाची नव्हतीच, वसाहतीची होती. चार जहाजं, ३७८ लोक, त्यांत बायका-मुलंही. मेंदान्याची बायको इसाबेल बारेतो आणि तिचे भाऊ सोबत होते, मुख्य सुकाणू-अधिकारी पेद्रो फर्नांदेझ दे किरोस. जुलैमध्ये बेटं दिसली तेव्हा मेंदान्याला वाटलं, आलो! ती होती मार्केसास, सॉलोमनपासून हजारो किलोमीटर पूर्वेला.

एकदा जाऊन आलेल्या माणसाची अशी फसगत का व्हावी? सूर्य मोजून अक्षांश बऱ्यापैकी कळायचा, पण रेखांश मोजायची सोयच नव्हती. जहाजाचा वेग आणि दिवस धरून अंतर अंदाजाने मांडायचं. समुद्राचा प्रवाह जहाजाला पश्चिमेकडे ढकलत होता, तो या हिशेबात येत नसे. पहिल्या सफरीचा सुकाणू-अधिकारी एर्नान गायेगो याच्या मांडणीत सॉलोमन बेटं होती त्यापेक्षा पेरूच्या खूपच जवळ आली होती. चूक पहिल्या सफरीत झाली, भोवली दुसरीला.

सप्टेंबरात ते सांता क्रूझ बेटाला टेकले आणि तिथेच वसाहत मांडली. पुढचं सगळं वाईटच. मैत्री केलेल्या स्थानिक प्रमुखाला, मालोपेला, स्पॅनिश सैनिकांनीच मारलं. लष्करी अधिकाऱ्याचा बंडाच्या आरोपावरून जीव घेतला गेला. तापाची साथ आली, १८ ऑक्टोबरला मेंदान्या गेला आणि सूत्रं इसाबेलकडे आली. मनिलापर्यंतच्या वाटेवर लोक तहानेने मरत असताना तिने गोड्या पाण्यात कपडे धुतले, अशी तक्रार किरोसच्या वृत्तांतात आहे. तिचं आणि त्याचं पटत नव्हतं, हे लक्षात ठेवूनच ती वाचावी. ११ फेब्रुवारी १५९६ रोजी इसाबेल मनिलाला पोचली.

आता खरी गोम. सांता क्रूझ आज सॉलोमन आयलंड्स या देशाच्या तेमोतू प्रांतात आहे. त्यामुळे ‘मेंदान्या सॉलोमनमध्ये वारला’ हे आजच्या नकाशाप्रमाणे बरोबर, पण तो स्वतः शोधत होता ती बेटं अजून काहीशे किलोमीटर पश्चिमेला होती. आणि ‘सांता इसाबेल हरवलं’ असं कुठे वाचलंत तर ते बेट नव्हे. दुसऱ्या मोहिमेतल्या एका जहाजाचं नाव तेच होतं, आणि ते सांता क्रूझजवळ रात्रीत दिसेनासं झालं.