डॉल्फिन दिसले म्हणजे शार्क नाही, हे खरं नाही

ऑस्ट्रेलियात मुलाबाळांसह सर्फिंगला जाणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरतो: डॉल्फिन जवळ असले की शार्क फिरकत नाही. म्हणून शार्क दिसल्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला तरी काही जण पाण्यातच थांबतात. हे जिवावर बेतू शकतं.

समज अगदीच निराधार नाही. डॉल्फिनांचा कळप कधीकधी शार्कला हुसकावतो. पण दोघांचं खाणं बरंचसं एकच आहे. मासळीचा थवा आला की दोघेही तिथेच येतात. शिवाय मोठे शार्क डॉल्फिनचीही शिकार करतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथे निम्म्याहून अधिक प्रौढ डॉल्फिनांच्या अंगावर शार्कच्या चाव्यांचे व्रण आढळले आहेत. टायगर शार्कच्या हंगामात तर तिथले डॉल्फिन मासळीने भरलेलं उथळ पाणीही टाळतात. जो स्वतःच जपून राहतो, तो आपली राखण काय करणार?

पाण्यात डॉल्फिन आहे की शार्क, याचा पडताळा किनाऱ्याच्या वाळूवरून घेता येतो. डॉल्फिनची शेपटी आडवी असते. तो श्वासासाठी वर येतो, त्याच्या पाठीवरचा पर दिसतो आणि बुडतो. शार्कची शेपटी उभी असते, ती डावी-उजवीकडे हलते आणि पाठीवरचा पर सरळ पाणी कापत जातो. लाटांत बोर्डवर पडून हा फरक ओळखणं फार अवघड. म्हणून भोंगा वाजला की आधी मुलांना घेऊन बाहेर या, मग बघा.