इंजिन ऑइलची तपासणी

इंजिनातून काढलेल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून ऑइलची आणि इंजिनाची अवस्था ओळखण्याची पद्धत. अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रांदे वेस्टर्न या रेल्वे कंपनीने १९४० च्या दशकात डिझेल इंजिनांची झीज ओळखण्यासाठी ती वापरली. भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही स्पेक्ट्रो (ऑइलमधले धातू वर्णपटावरून ओळखणाऱ्या) प्रयोगशाळा असतात. ऑइल काळे पडले म्हणजे संपले, हा समज डिझेल इंजिनाला तरी लागू नाही. तिथे नवे ऑइलही काजळीने लवकरच काळे होते.

अहवालात आधी पाहावी ती श्यानता, म्हणजे ऑइलचा दाटपणा. ती १०० अंश सेल्सिअसला मोजून सेंटिस्टोकमध्ये देतात. ऑइलच्या दाटपणाचे ग्रेड ठरवणाऱ्या एसएई जे३०० या मानकानुसार ३० ग्रेडचा पट्टा ९.३ ते १२.५, तर २० ग्रेडचा ६.९ ते ९.३ असा आहे. समजा, भरताना १०.५ असलेले ५डब्ल्यू-३० (म्हणजे गरम असताना ३० ग्रेडचे) ऑइल काही हजार किलोमीटरनंतर ८.७ वर आले. मग डब्यावर काहीही छापलेले असो, इंजिनात २० ग्रेडचे ऑइल फिरत असते. तापल्यावर ऑइल पातळ होतेच, पण निवल्यावर ते पूर्ववत दाट होते. अहवालातली घट तशी भरून येत नाही.

या घटीची मुख्य कारणे दोन, आणि त्यांची गल्लत नेहमी होते. ५डब्ल्यू-३० सारख्या, थंड आणि गरम दोन्ही स्थितींसाठीच्या मल्टिग्रेड ऑइलमध्ये दाटपणा टिकवण्यासाठी पॉलिमरचे लांब रेणू घातलेले असतात. गिअर, बेअरिंग आणि टायमिंग चेन यांच्यात चिरडून ते तुटतात. दुसरे कारण इंधनाची भेसळ. गार इंजिनाच्या छोट्या फेऱ्यांत न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. लांबच्या प्रवासात ऑइल तापले की त्यातले बरेचसे उडून जाते. डिझेल तितक्या सहज उडत नाही. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकामुळे डिझेल गाड्यांत काजळीचा फिल्टर आला. त्यातली काजळी जाळून तो साफ करण्यासाठी अनेक इंजिने सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतात आणि त्यातले थोडे ऑइलमध्ये जाते. शहरातल्या वाहतुकीत ही सफाई वारंवार अर्धवट राहते. डिपस्टिकवर पातळी चढलेली पाहून ‘गाडी ऑइल खात नाही’ म्हणून खूश होणारे मालक असतात. खरे तर ती धोक्याची खूण आहे.

दोन्ही कारणे वेगळी करायची तर फ्लॅश पॉइंट, म्हणजे ऑइलची वाफ ठिणगीने पेट घेते ते किमान तापमान, पाहावा. इंधन मिसळले असेल तर तो घसरतो. नुसते पॉलिमर तुटले असतील तर फारसा हलत नाही. केवळ श्यानतेवरून इंधनाची टक्केवारी काढलेला अहवाल म्हणून जपून वाचावा. उलट काजळी आणि ऑक्सिडेशन (ऑक्सिजनशी होणारी रासायनिक क्रिया) ऑइल दाट करतात. त्यामुळे इंधन व काजळी दोन्ही असतील तर श्यानता नवी असल्यासारखी दिसू शकते.

धातूंचे प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग असे, दिलेले असते. लोखंड बहुधा लायनर, कॅमशाफ्ट वा गिअरचे, ॲल्युमिनियम पिस्टनचे, शिसे बेअरिंगचे. सिलिकॉन वाढले की एअर फिल्टर तपासावा, कारण ती रस्त्यावरची धूळ असते. मात्र नव्या इंजिनात ते गॅस्केटच्या सीलंटमधूनही येते. सोडियम किंवा पोटॅशियम अचानक वाढल्यास कूलंटची गळती शोधावी. एका अहवालातल्या आकड्यापेक्षा त्याच इंजिनाचे मागचे अहवाल जास्त सांगतात. म्हणून नमुना दर वेळी सारखाच घ्यावा: इंजिन गरम असताना, पहिली धार वाहून गेल्यावर आणि तळाचा गाळ येण्यापूर्वी.