फ्लोट बुडण्याआधीचे दोन सेकंद

नवी मुंबईत सारसोळे किंवा दिवाळे गावाच्या जेट्टीवर, ठाण्यातल्या एखाद्या तलावाच्या काठावर सुटीच्या सकाळी गळ टाकून बसलेल्या पन्नाशी-साठीच्या माणसाला विचारा, ‘हा नाद कधीपासून?’ उत्तर बहुतेक वेळा शाळेच्या वयातलं मिळतं. कुणी मामाबरोबर गेलेलं असतं, कुणी वाडीतल्या थोरल्या पोरांच्या मागे. पुढचा प्रश्न विचारला, की ‘पहिला मासा केवढा होता?’, तर हाताचं एक बोट दाखवलं जातं. मोठ्या माशाने वेड लागतं हा समज इथेच डळमळीत होतो. हे वेड लावतं ते माशाच्या आधी येणारं काहीतरी, आणि ते काय हे मेंदूच्या अभ्यासातून बऱ्यापैकी उलगडलं आहे.

1990 च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माकडांवर प्रयोग केले. एक खूण दिसली की थोड्या वेळाने माकडाच्या तोंडात रसाचा थेंब पडायचा. सुरुवातीला डोपामीन हे मेंदूतलं रसायन सोडणाऱ्या पेशी रस मिळाल्यावर जोरात काम करायच्या. खुणेचा अर्थ माकडाला कळल्यावर मात्र त्या खूण दिसताच जाग्या होऊ लागल्या, आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा जवळजवळ गप्प राहिल्या. 2003 साली फिओरिलो, टोबलर आणि शुल्ट्झ यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. रस मिळेल की नाही हे निम्मं-निम्मं असेल, तर खूण दिसल्यापासून निकाल लागेपर्यंत या पेशींची हालचाल चढत जाते. रस मिळणारच किंवा मिळणारच नाही हे पक्कं असेल, तर हा चढ दिसत नाही.

आता तलावावर या. फ्लोट, म्हणजे गळाच्या दोऱ्याला बांधलेलं पाण्यावरचं तरंगतं, स्थिर आहे. मग त्याचं टोक किंचित थरथरतं. एक बारीक वर्तुळ पसरतं. पुन्हा थरथर, मग फ्लोट दोन बोटं आडवा सरकतो आणि थांबतो. पाण्याखाली तिलापिया आमिष तोंडात ओढून घेतोय आणि थुंकून टाकतोय. हा मासा दातांनी तोडत नाही. तोंडाची पोकळी झटकन फुगवून पाण्यासकट घास आत खेचतो आणि काही खुपलं तर तितक्याच वेगाने बाहेर टाकतो. फ्लोट खाली जाईल की नाही, गेला तर गळ लागेल की नाही, हे त्या क्षणी कुणालाच माहीत नसतं. माकडाच्या प्रयोगातली खूण, वाट पाहणं आणि अनिश्चितता, तिन्ही गोष्टी या दोन सेकंदांत एकत्र येतात. मूल ज्याच्या प्रेमात पडतं तो हा क्षण.

म्हणून मुलाची पहिली खेप आखताना मासा केवढा मिळेल याचा विचार करू नये. फ्लोट किती वेळा हलेल याचा करावा. दर दोन-तीन मिनिटांनी काहीतरी हललं पाहिजे. जिताडा किंवा तांबोशीच्या आशेने मुलाला खाडीवर चार तास बसवणं हा नाद लागण्याआधीच मोडण्याचा हमखास मार्ग आहे. स्किनर आणि फर्स्टर या मानसशास्त्रज्ञांनी 1950 च्या दशकात केलेल्या अभ्यासापासून हे माहीत आहे, की अधूनमधून मिळणारं बक्षीस सवय चिवट करतं. पण सवय जडताना सुरुवातीला ते जवळजवळ दर वेळी मिळावं लागतं. विरळपणा नंतर हळूहळू वाढवायचा असतो.

सुरुवातीसाठी मासा एकच: तिलापिया, म्हणजे बाजारातली चिलापी. मोझांबिक तिलापिया 1952 साली भारतात आणला गेला आणि आता तो ठाण्या-नवी मुंबईच्या गोड्या आणि मचूळ पाण्यात सगळीकडे आहे. आपल्या मूळ माशांच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट नाही. पण तो काठाजवळ राहतो, दिवसा खातो, कणकेपासून गांडुळापर्यंत काहीही घेतो आणि छोट्या गळाला येतो. पालिकेच्या तलावावर मासेमारीचा ठेका दिलेला असेल तर आधी परवानगी विचारावी. सांडपाणी येणाऱ्या तलावातला मासा खाण्यासाठी नाही, हेही मुलाला पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. धरलेला मासा बादलीतून दुसऱ्या तलावात नेऊन सोडू नये. परके मासे असेच पसरतात.

काठी सरळ बांबूची, मुलाच्या उंचीच्या दीडपट ते पावणेदोनपट, म्हणजे दोन ते सव्वादोन मीटर. रीळ नको. रीळ असलं की मूल फ्लोटकडे न बघता गुंता सोडवत बसतं. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, 0.20 मिलिमीटर जाडीचा, लांबीला काठीएवढाच किंवा वीतभर कमी, म्हणजे काठी उभी केली की गळ आपोआप हातात येतो. गळ 10 किंवा 12 नंबरचा (या मापात आकडा वाढला की गळ लहान होतो). त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. एखादा मासा निसटेल, पण बोटात रुतलेला गळ ज्या वाटेने गेला त्याच वाटेने निघेल.

गाठ मुलालाच बांधू द्यावी. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवायचा, टोक मूळ दोऱ्याभोवती पाच वेळा गुंडाळायचं, मग ते डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून काढायचं आणि त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फासातून परत घ्यायचं. आवळण्याआधी गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करायची. कोरडी आवळली तर घासण्याच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कमजोर होतं आणि दोरा पुढे नेमका गाठीपाशी तुटतो. ‘मासा मोठा होता, तोडून गेला’ या कहाण्यांपैकी बऱ्याच कोरड्या गाठीच्या असतात.

फ्लोटला मोरपिसाच्या देठाचा आठ-दहा सेंटिमीटरचा तुकडा उत्तम. थर्माकोलचा गोळा सहज मिळतो, पण तो बुडवायला जोर लागतो; माशाला घास खेचताना तो जोर जाणवतो आणि तो घास टाकून देतो. गळापासून वीतभर वर इतकंच वजन लावावं, की देठाचं फक्त सेंटिमीटरभर टोक पाण्यावर राहील. पूर्ण बुडालेला फ्लोट जेवढं पाणी बाजूला सारेल त्याचं वजन आणि फ्लोट, वजन, आमिष यांचा भार जवळजवळ सारखा झाला, की मग बोटभर माशाचा ओढाही दिसतो. वजन शिशाचं नको. मुलं शिशाच्या गोळ्या दातांनी दाबतात आणि शिसं वाढत्या मेंदूला घातक आहे. लोखंडी बारीक नट दोऱ्यात ओवून गाठ मारली की काम होतं.

आमिष कणकेचं: घट्ट मळलेली कणीक, त्यात चमचाभर बेसन आणि पिंजलेल्या कापसाचे थोडे तंतू. कापसामुळे गोळी पाण्यात लगेच विरघळत नाही. गोळी तुरीच्या दाण्याएवढी. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात: मोठा मासा हवा म्हणून लिंबाएवढा गोळा लावतात, छोटे मासे तो कडेने टोकरून संपवतात, फ्लोट नुसता नाचत राहतो आणि मुलाला वाटतं की आपल्याला जमत नाही.

पहाटे उठवण्याचा हट्टही धरू नये. तलावातलं शेवाळ दिवसा प्राणवायू तयार करतं, रात्री तोच वापरतं. त्यामुळे विरघळलेला प्राणवायू उजाडायच्या सुमारास सर्वांत कमी असतो. त्या वेळी तिलापिया पृष्ठभागाशी तोंड काढून श्वास घेताना दिसतात. भरपूर मासे दिसतात आणि एकही खात नाही. ऊन पडल्यावर तास-दीड तासाने ते खायला लागतात. हिवाळ्यात साडेआठ-नऊ ही चांगली वेळ. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं पुरे, आणि मूल कंटाळायच्या आधी उठावं.

‘बोलू नकोस, मासे पळतील’ हे सांगणं शास्त्राला धरून नाही. हवेतला आवाज पाण्यावर आपटला की जवळजवळ सगळा परत फिरतो. त्याच्या ऊर्जेचा हजारावा भाग जेमतेम आत शिरतो. पाय आपटले की मात्र हादरा जमिनीतून सरळ पाण्यात जातो आणि माशाच्या अंगावरची पार्श्वरेषा पाण्याची मंद हालचाल टिपते. रोहू, कटला, मांगूर यांच्यात तर वाताशय (पोटातली हवेची पिशवी) आणि कान यांना जोडणारी बारीक हाडं असतात, त्यांना आणखी चांगलं ऐकू येतं. तेव्हा गप्पा हव्या तितक्या माराव्यात, धावू नये. उभं राहण्यापेक्षा बसावं. पाण्याखालून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग सुमारे 97 अंशांच्या शंकूत दाबलेलं दिसतं, आणि काठालगत खाली बसलेलं मूल त्या शंकूच्या अगदी कडेला चेपून जातं.

शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाची खरी परीक्षा फ्लोट बुडतो तेव्हा असते. मोठ्यांना प्रतिक्रियेला साधारण पाव सेकंद लागतो, सात-आठ वर्षांच्या मुलाला त्याहून बराच जास्त. त्यामुळे पहिले बरेच मासे सुटणार. बाबा किंवा काका अशा वेळी काठी हिसकावतात. मासा येतो, पण मुलाच्या मेंदूत ‘मी ओढलं म्हणून आला’ हा धागा जुळत नाही, आणि त्याच्याशिवाय बाकी सगळी तयारी वाया जाते. हात मागे बांधून बसावं. सुटलेल्या माशाबद्दल एवढंच विचारावं: फ्लोट आडवा गेला होता की खाली?

पैज किंवा बक्षीसही नको. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच सांगून प्रमाणपत्र दिलं. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात तीच मुलं इतरांच्या तुलनेत जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. ‘माशाला दहा रुपये’ हा सौदा प्रेमाने केला जातो, पण त्याने नाद कमी होतो. सारखा मोबाइल समोर धरून फोटो काढण्याबद्दलही आमचं मत हेच आहे.

मासा हातात घेण्याआधी हात ओले करावेत. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि परत सोडलेल्या माशाला जंतुसंसर्ग होऊ शकतो. तिलापियाचा पाठीवरचा पंख डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत मिटवायचा, उलटा धरला तर काटे टोचतात. खाडीतला शिंगाळा मासा मात्र मुलाच्या हाती देऊच नये. त्याच्या पाठीवरच्या आणि छातीच्या पंखांच्या काट्यांना विष असतं. काटा लागलाच तर जखम धुऊन तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या आसपास, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. हे विष प्रथिनाचं असतं आणि उष्णतेने निकामी होतं. पाण्याची धग आधी मोठ्याने स्वतःच्या हाताने पाहावी, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांकडे जावंच. पावसाळ्यात पायाला खरचटलेलं असेल तर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या आजाराच्या) धोक्यामुळे मुलाला काठच्या चिखलात उतरू देऊ नये.

तरीही कधीतरी, ओहोटीला, मुलाला खाडीकाठी न्यावं. तिवरांच्या चिखलात प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तोच तो कुजकट वास. नाकाकडून येणारे संदेश मेंदूत भावना आणि स्मरणाच्या केंद्रांपर्यंत फार थेट पोचतात. स्वीडनमध्ये ज्येष्ठांवर झालेल्या 2006 च्या एका अभ्यासात वासाने जाग्या झालेल्या आठवणी बहुतांशी वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या निघाल्या. शब्द आणि चित्रांनी जाग्या झालेल्या त्यानंतरच्या दशकातल्या होत्या. वाशी किंवा ऐरोलीचा खाडीपूल ओलांडताना त्या वासाने नाक न मुरडता खिडकीकडे वळणारी माणसं असतात, त्यांचं मूळ बहुधा त्या पहिल्या दहा वर्षांत असतं.

नाद लागणं आणि टिकणं यांत अंतर आहे. हिडी आणि रेनिंजर या अभ्यासकांनी 2006 साली आवडीच्या वाढीचे चार टप्पे मांडले. पहिले दोन बाहेरच्या चेतवण्यावर चालतात. तिसऱ्यापासून मूल स्वतः प्रश्न विचारू लागतं. मासेमारीत हा टप्पा साधारण ‘आज का नाही लागला?’ या प्रश्नाने ओळखू येतो. मोबाइलवरच्या गेममध्येही अनिश्चिततेचा चटका असतो, पण तिथल्या हुलकावणीचं कारण शोधून फारसं काही हाती लागत नाही. इथे कारण शोधता येतं. एक वही द्यावी: तिथी, वेळ, पाण्याचा रंग, आमिष, किती वेळा हललं, किती लागले.

तिथी अशासाठी, की पुढची पायरी खाडीची आहे. मुंबई किनाऱ्यावर पूर्ण भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. ठाणे खाडीच्या आतल्या टोकाला पाणी थोडं उशिरा पोचतं. पुनव-अवसेच्या उधाणाला पाणी जोरात धावतं आणि गळाला चिखल-गवत लागतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती असते, तेव्हा पाणी मंद असतं आणि शिकणाऱ्याला ते बरं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला इथे गळापेक्षा चिंबोरीचा फग (खेकडे धरायचं जाळं) जास्त शिकवतो. मध्ये माशाचं डोकं बांधायचं, भरतीच्या पाण्यात जेट्टीवरून सोडायचा, दहा मिनिटांनी एका दमात, न थांबता वर ओढायचा. मध्ये थांबलं की चिंबोरी कडेने उतरून जाते. लाइफ जॅकेट अंगात हवंच, मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवा, आणि फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत फग नेऊ नये. वर आलेली चिंबोरी उलटी करून पोटावरची झडप पाहायची: नराची अरुंद, त्रिकोणी, मादीची रुंद, गोलसर. तळहाताहून लहान असेल किंवा झडपेखाली अंडी असतील तर ती परत पाण्यात सोडायची, आणि वहीत त्या तिथीपुढे तिचीही नोंद करायची.