क्लोरोफॉर्मचा रुमाल दोन सेकंदांत भूल देत नाही

साखळी खुनांच्या तपासावर बेतलेला एक थरारपट नुकताच पाहिला आणि घोर निराशा झाली. त्यातला खुनी मागून येतो, क्लोरोफॉर्ममध्ये भिजवलेला रुमाल नाकावर दाबतो, धडधाकट माणूस दोन-तीन सेकंदांत निपचित पडतो आणि तासाभराने तळघरात ठणठणीत जागा होतो. एखाद्या भूलतज्ज्ञाशी पाच मिनिटे बोलणे झाले असते, तरी हा प्रसंग पटकथेतून गळाला असता.

भूल चढते ती मेंदूतील क्लोरोफॉर्मचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्या एका वायूचा वाटा, पुरेसा वाढल्यावर. श्वासातून आलेली वाफ फुफ्फुसांच्या वायुकोशांतून, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्यांतून, रक्तात उतरते आणि रक्ताबरोबर मेंदूत जाते. क्लोरोफॉर्म रक्तात भरपूर विरघळतो. समतोल साधला जातो तेव्हा रक्तातील त्याचे प्रमाण वायुकोशांतील हवेच्या सुमारे 8 पट असते. त्यामुळे भूल झटपट चढेल असे वाटते, पण घडते नेमके उलटे. रक्त वाफ शोषून नेत राहते, म्हणून वायुकोशांतील दाब वाढायला वेळ लागतो, आणि तो वाढल्याशिवाय मेंदूतलाही वाढत नाही. एकाच धारेखाली हौद आणि घागर ठेवली, तर हौदातील पातळी सावकाश चढते, तसेच हे आहे. नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या दुसऱ्या वायूचे हेच रक्त-हवा गुणोत्तर 0.5 हूनही कमी असल्याने त्याचा समतोल लवकर साधतो. क्लोरोफॉर्मने पूर्ण बेशुद्धी यायला काही मिनिटे लागतात. मधल्या अवस्थेत माणूस हातपाय झाडतो, ओरडतो, आणि शुद्ध हरपल्यावर जीभ मागे पडून श्वास अडू नये म्हणून त्याची हनुवटी कोणीतरी उचलून धरावी लागते.

क्लोरोफॉर्म हुंगवून लुटणाऱ्या चोरांची भीती 1850च्या सुमारास इंग्लंडमध्येही पसरली होती आणि जॉन स्नो या नामवंत भूलतज्ज्ञाने ती तेव्हाच खोडून काढली होती. तरीही गुंगीचा वास देऊन मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश आपल्याकडे आजही मोबाइलवर फिरतात. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेपायी 2018 साली धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले, हे विसरता येणार नाही.

क्लोरोफॉर्मचा खरा धोका वेगळाच आहे. 1848च्या जानेवारीत हॅना ग्रीनर ही 15 वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या साध्या शस्त्रक्रियेत दगावली. अशा मृत्यूंत आधी श्वास थांबतो की हृदय, यावर वाद पेटला. डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजामाच्या खर्चाने हैदराबादेत 1888 व 1889 साली दोन आयोगांनी प्राण्यांवर प्रयोग केले आणि श्वासाच्या बाजूने कौल दिला. पुढे 1911 साली ए. जी. लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले, की भूल हलकी असताना अ‍ॅड्रेनलिन हे भीतीच्या वेळी स्रवणारे संप्रेरक वाढले, तर हृदयाचे खालचे कप्पे एकत्र आकुंचन न पावता नुसते थरथरू लागतात आणि रक्ताभिसरण बंद पडते. भेदरलेल्या, झटापट करणाऱ्या माणसाच्या शरीरात अ‍ॅड्रेनलिनचा पूर आलेला असतो आणि पहिल्या काही श्वासांत भूल हलकीच असते. म्हणजे रुमालाखाली गाढ भूल चढण्याआधीच त्याचे हृदय बंद पडू शकते.