१/८ मोठा की १/६? तिरकस गुणाकाराच्या आधी एक पट्टी कापा

पाचवीच्या वर्गात फळ्यावर १/६ आणि १/८ लिहा आणि यातला मोठा कोणता ते विचारा. बरीच पोरं १/८ म्हणतात, आणि का म्हणून विचारलं तर आपल्या नागपुरातलं पोरगं सरळ सांगतं, "आठ मोठा आहे ना मॅडम सहापेक्षा!" उत्तर चुकलं, पण पोरगं काही उगाच ठोकून देत नाहीये, कारण पहिलीपासून आपणच त्याच्याकडून घोकून घेतलंय की सहापेक्षा आठ मोठा. मुलं कशी शिकतात याचा अभ्यास करणारे याला पूर्ण संख्यांचा पगडा म्हणतात. १/८ ही एकच संख्या आहे हे मुलाला दिसतच नाही, त्याला वर एक आकडा आणि खाली एक आकडा एवढंच दिसतं.

आणि हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. अमेरिकेत १९७८ साली देशपातळीवरच्या एका चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं की १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज अंदाजे किती, पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक एक आहेत म्हणजे उत्तर २, पण ते फक्त २४ टक्के मुलांनी दिलं. अर्ध्याहून जास्त मुलं १९ किंवा २१ वर गेली, म्हणजे नुसते वरचे किंवा नुसते खालचे आकडे जोडून मोकळी झाली.

यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे तिरकस गुणाकार. ३/५ आणि ४/७ आले की ३ गुणिले ७ एकवीस, ४ गुणिले ५ वीस, एकवीस मोठे म्हणून ३/५ मोठा, झालं काम. उत्तर बरोबर येतं, मार्क मिळतात, पण त्याच मुलाला विचारा की हे एकवीस म्हणजे एकवीस काय रे बाबा, तर ते गप्प होतं. मला हेच खटकतं. पद्धत चांगलीच आहे, आपण ती फार लवकर देऊन टाकतो.

नागपुरात अपूर्णांक म्हटला की हात आधी संत्र्याकडे जातो. भाग म्हणजे काय हे सांगायला संत्रं ठीक आहे, पण तुलनेला ते चालत नाही, कारण एका संत्र्यात दहा फोडी निघतात तर दुसऱ्यात अकरा, कुठली फोड जाड कुठली बारीक, आणि दोन संत्री सारख्या आकाराची कधीच नसतात. तुलना करायची तर पूर्ण वस्तू एकच पाहिजे आणि भाग सारखे पाहिजेत, त्यामुळे कागदाची पट्टी बरी.

पट्टी बरोबर २४ सेंटिमीटरची कापा, प्रत्येक अपूर्णांकाला वेगळी. चोवीस एवढ्यासाठी की त्याला २, ३, ४, ६, ८ आणि १२ या सगळ्यांनी भाग जातो आणि मुलाला स्केलने नेमकं मोजता येतं. १/६ म्हणजे ४ सेंमी, १/८ म्हणजे ३ सेंमी, दोन्ही रंगवून एकाखाली एक ठेवले की जास्त तुकडे केले तर तुकडा लहान होतो हे सांगावं लागत नाही, डोळ्यांना दिसतं. २/३ म्हणजे १६ आणि ३/४ म्हणजे १८, तेही लगेच कळतं.

खरी मजा ५/६ आणि ७/८ ला येते. इथे हुशार पोरंसुद्धा म्हणतात की दोन्ही सारखेच, कारण दोघांतही एकच भाग कमी आहे. त्यांना थांबवू नका, पट्ट्या रंगवू द्या. ५/६ वीस सेंमीवर थांबतो, ७/८ एकवीसवर. मग विचारा, कोरा राहिलेला तुकडा केवढा? एकीकडे ४ सेंमी, दुसरीकडे ३. एक भाग दोघांतही कमी आहे, पण तो भागच सारखा नाही, सहावा भाग आठव्यापेक्षा मोठा असतो म्हणून ५/६ जास्त मागे राहिला. ही गोष्ट मुलाच्या तोंडून येईपर्यंत पुढे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, भले अख्खा तास जाऊ दे.

आता ३/५ आणि ४/७ द्या. चोवीसची पट्टी अडते, पाच सारखे भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये पडत नाहीत आणि सातही नाहीत. मग किती लांबीची घेऊ? थोडी खुडबुड करून वर्गातलंच कोणीतरी ३५ सांगतं, आणि तिथे समच्छेद म्हणजे काय ते सापडतं, दोघांनाही पुरेल अशी पट्टीची लांबी. त्या पट्टीवर ३/५ होतात २१ सेंमी आणि ४/७ होतात २०. तिरकस गुणाकारातले एकवीस आणि वीस ते हेच, पस्तिसावे भाग, फक्त खालचा ३५ आपण लिहीत नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत हीच रीत दिली आहे, एकमेकांच्या छेदाने अंश आणि छेद दोन्ही गुणा. त्यात छेद सोडून दिलेला नाही, आपणही सुरुवातीला सोडू नये.

शिवाय प्रत्येक वेळी गुणायची गरजही नसते. पाव, अर्धा, पाऊण हे मुलांनी बाजारात आईसोबत जाऊन ऐकलेलंच असतं, पाऊण किलो टमाटर अर्ध्या किलोपेक्षा जास्त हे कोणालाच शिकवावं लागत नाही. मग आधी अर्ध्याशीच ताडून बघा. ५/११ अर्ध्याच्या अलीकडे कारण अकराचे अर्धे साडेपाच, ४/७ अर्ध्याच्या पलीकडे कारण साताचे अर्धे साडेतीन, निकाल लागला. ८/९ आणि ९/१० असतील तर उरलेला तुकडा बघायचा. आणि ५/८, ७/११ सारखी जोडी आली, जिथे दोन्ही अर्ध्याच्या थोडेच पुढे आणि एकमेकांना चिकटून, तिथे मात्र खुशाल गुणा, ५५ आणि ५६ येतात, त्यासाठी ८८ सेंटिमीटरची पट्टी कापत बसायला नको.